कुपवाडची बंद फॅक्टरी निवासी करायचीय? आधी मस्टर (कामगारांचा हजेरीपट) शोधा

सांगली-मिरज रस्त्याच्या आतल्या अंगाला आणि कुपवाडात बंद शेड काही कमी नाहीत. शेजारी अपार्टमेंट उभी राहिली, शेडचा पत्रा गंजला, आणि मालकाच्या मुलाला वाटतं, आर्किटेक्ट गाठून नकाशा काढला की काम झालं. नकाशा सगळ्यात शेवटी लागतो. आजवर परत आलेल्या ज्या फायली मी पाहिल्या, त्या बहुतेक दोनच प्रश्नांवर अडकलेल्या होत्या: कारखाना सुरू कोणत्या कागदावर झाला, आणि बंद कसा झाला.

नियम तसा सरळ आहे. २ डिसेंबर २०२० ला राज्याची एकत्रित विकास नियमावली मंजूर झाली, तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. तिच्या नियम ४.८.१ मध्ये औद्योगिक विभागातली जमीन महापालिका आयुक्तांच्या पूर्वमान्यतेने निवासी किंवा वाणिज्य वापरात घेण्याची सोय आहे. बोलताना ‘आय टू आर’, म्हणजे इंडस्ट्रियल टू रेसिडेन्शियल.

पण आधी आपण त्यात बसतो का ते बघा. महापालिकेतून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. कारखाना आहे म्हणजे झोन औद्योगिकच असेल असं नाही. विकास आराखड्यात तो पट्टा आधीच निवासी दाखवला असेल तर या नियमाच्या वाटेला जायचं कारणच नाही. प्लॉट एमआयडीसीचा असेल तर तुम्ही मालक नाही, ९५ वर्षांचे भाडेपट्टेदार आहात. तिथे नियोजन प्राधिकरण एमआयडीसी स्वतःच, महापालिकेत फाइल टाकून उपयोग नाही. सहकारी औद्योगिक वसाहतीत जमीन संस्थेच्या नावावर असली तर संस्थेचा ठराव आधी. आणि कापड गिरणीची जागा या नियमातून सरळ वगळलेली आहे. जुन्या सूतगिरणीची जमीन ‘स्वस्तात मिळतेय’ म्हणून इसार देऊन बसणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता खरी अडचण. बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर निवासी वापर हवा असेल तर कामगार आयुक्तांचं ना-हरकत लागतं: कामगारांची कायदेशीर देणी दिली, किंवा मालक आणि कामगार यांच्यात समाधानकारक तडजोड झाली, असं. तडजोडीवर परवानगी मिळाली तरी पुढे ‘काही देणं बाकी नाही’ हा दाखला येईपर्यंत भोगवटा प्रमाणपत्र मिळत नाही. म्हणजे इमारत उभी, फ्लॅट विकलेले, आणि लोक घराबाहेर. ज्या जागेवर कधी कारखाना झालाच नाही तिला हे ना-हरकत लागत नाही. मात्र ‘कधीच नव्हता’ हे तोंडी सांगून चालत नाही, जुनी घरपट्टी आणि वीजबिलं खरं काय ते सांगतात.

हे ना-हरकत मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो, बंद झाला तेव्हा किती कामगार होते? एक गृहस्थ मस्टर घेऊन आले होते. फॅक्टरी कुपवाडला, पण कागदपत्रं सांगलीच्या गावभागातल्या जुन्या घरात, खालच्या कपाटात. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली तेव्हा ते कपाट पाण्याखाली होतं. मस्टरची पानं एकमेकांना चिकटून वीट झालेली, मध्ये गाळाचा पापुद्रा. सुरी घालून उघडायला गेलो तर शाईच सुरीला आली. वडील गेलेले, हिशेबनीस गेलेला. “साहेब, सगळ्यांचे पैसे दिलेत हो,” एवढंच ते म्हणत राहिले. दिलेही असतील. टेबलापलीकडच्या माणसाला मात्र कागद हवा असतो, आणि त्याचं तरी काय चुकलं?

मस्टर नसेल तर हातपाय गाळू नका. प्रॉव्हिडंट फंड आणि ईएसआयकडे भरणा झाला असेल तर तिथे नावं मिळू शकतात. बँकेतून गेलेली ग्रॅच्युइटी, युनियनबरोबरचा करार, कामगार न्यायालयाचा निकाल, फॅक्टरी लायसन्स रद्द केल्याचं पत्र, जे सापडेल ते जमवा. हयात कामगारांना भेटा. त्यातले बरेचसे पाच-सात किलोमीटरच्या आतच राहतात, आणि कोणाचं खरंच देणं राहिलं असेल तर ते आत्ता देऊन पावती घ्या. एक विनंती: पन्नास कामगारांच्या सह्या एकाच पेनाने, एकाच वळणाने आणू नका. ते ओळखायला तज्ज्ञ लागत नाही.

दुसरा कागद, जो कोणाकडेच नसतो: एनएचा आदेश. बिगरशेती आदेश आणा म्हटलं की लोक तहसीलच्या अभिलेख कक्षात महिनामहिना हेलपाटे घालतात. तो तिथे असेलच असं नाही, कारण तो कदाचित कधी झालाच नाही. १९९४ मध्ये जमीन महसूल संहितेत कलम ४४-अ आलं. औद्योगिक झोनमध्ये खऱ्याखुऱ्या उद्योगासाठी जमीन वापरायला परवानगी नको, वापर सुरू केल्यापासून तीस दिवसांत तहसीलदारांना कळवायचं, बस्स. तुमचा कारखाना त्यानंतरचा असेल तर आदेश शोधत बसू नका, त्या कळवण्याच्या अर्जाची आवक शिक्क्याची पोच शोधा. आणि ती सवलत उद्योगापुरती होती हे ध्यानात ठेवा. निवासीसाठी महसूलची त्या दिवशी लागू असलेली रक्कम विचारून चलन वेगळं भरावं लागतं. शेतकरी नसताना कूळकायद्याच्या कलम ६३-१अ खाली उद्योगासाठी शेतजमीन घेतली असेल तर वापर बदलण्याआधी वकिलाला दाखवा, त्या खरेदीला अटी चिकटलेल्या असतात.

सातबाऱ्याच्या इतर हक्कात किंवा मिळकत पत्रिकेवर ‘यूएलसी कलम २०’ असं काही दिसलं तर थांबा. यूएलसी म्हणजे कमाल जमीन धारणा कायदा महाराष्ट्रात नोव्हेंबर २००७ मध्ये रद्द झाला, पण उद्योगासाठी म्हणून दिलेली सूट आणि तिच्या अटी आपोआप पुसल्या गेल्या नाहीत. शासनाला अधिमूल्य भरून तो शेरा काढून घ्यावा लागतो. ‘कायदाच गेला, शेरा कसला’ हा वाद घालण्यात एकाने दीड वर्ष घालवलं. शेवटी रक्कम भरलीच.

नदीकडच्या जागांसाठी पूररेषा: नदीजवळची निळी, तिच्या बाहेरची लाल. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे परवानगी मिळू शकते, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा पंचेचाळीस सेंटिमीटर वर हवं. सर्व्हे नंबर अर्धा आत, अर्धा बाहेर असतो तेव्हा जुन्या झेरॉक्सवर पेन्सिलीने ओढलेली रेषा चालत नाही, पाटबंधारे खात्याचा नकाशा लागतो. शिवाय शेजारी कारखाना चालू असेल तर मधलं सोडायचं अंतर तुमच्याच जागेतून जातं, आणि लेआउटमध्ये सुविधांसाठी ठरावीक टक्के जागाही द्यावी लागते. दर ठरवण्याआधी बिल्डरला हे सांगा, नंतर भांडण नको.

फाउंड्रीची किंवा केमिकलची जागा असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र परत करून टाका, आणि मागे पडलेली वाळू, राख, ड्रम यांची रीतसर विल्हेवाट लावून पावत्या ठेवा. भराव टाकून झाकू नका. बोअर मारल्यावर पाण्याला वास येतो तेव्हा सोसायटी तुमच्याच दारात येते.

बाकी नेहमीचं: मोजणीची ‘क’ प्रत, मालकी हक्काचे उतारे, घरपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला, बँकेचा बोजा उतरवल्याचं पत्र, अग्निशमनचा दाखला. हे आर्किटेक्ट बघतो.

शेवटी मुदतीचं. ‘साठ दिवस झाले, उत्तर नाही, म्हणजे परवानगी मिळाली’ असं धरून एकाने पाया खणला होता. नगररचना कायद्याच्या कलम ४५ मध्ये साठ दिवस आहेत हे खरं, पण ते अर्ज पोचल्यापासून किंवा तुम्ही त्रुटीला उत्तर दिल्यापासून, जे नंतरचं असेल तिथून मोजतात. पंचावन्नाव्या दिवशी त्रुटीपत्र आलं तर घड्याळ तुमच्या उत्तरापासून पुन्हा शून्यावर. आणि प्रस्ताव नियमात बसत नसेल तर साठ काय, सहाशे दिवसांनीही मानीव परवानगी मिळत नाही. त्रुटीपत्राला उत्तर देताना सगळे मुद्दे एकाच पत्रात संपवा, आवक नंबर घ्या, आणि मिळालेली परवानगी एक वर्षाची असते, दरवर्षी वाढवून जास्तीत जास्त चार वर्षं, हे साइटवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.