मरियेचा शेला निळा कसा झाला

ख्रिस्ती चित्रांत येशूच्या आईला ओळखायची सोपी खूण म्हणजे तिचा निळा शेला. निळा म्हणजे आकाश, स्वर्ग, पावित्र्य, असा अर्थ आपण लगेच लावतो. पण तिने कोणत्या रंगाचे कपडे घातले होते, याबद्दल बायबलमध्ये एक शब्दही नाही.

इटलीत राव्हेन्नाच्या सांत आपोलिनारे नुओव्हो चर्चमध्ये सहाव्या शतकातलं मोझॅक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेलं चित्र, आहे. त्यातली मरिया सिंहासनावर बसली आहे ती जांभळ्या वस्त्रात. समुद्री शंखांपासून काढलेला जांभळा रंग हा रोमन सम्राटांचा मान. ४३१ सालच्या एफेससच्या धर्मसभेने तिला ‘देवमाता’ म्हणून मान्यता दिली होती, तेव्हा तिच्या अंगावर राजवस्त्र येणं ओघानेच आलं.

पश्चिम युरोपात साधारण बाराव्या शतकापासून निळ्याने ही मानाची जागा घेतली. सर्वांत उंची निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून यायचा, लाजवर्द दगडाच्या रूपात. व्हेनिसच्या बाजारात त्याचं नाव अल्ट्रामरीन, म्हणजे समुद्रापलीकडचा. दगड नुसता कुटला तर पूड राखाडीच दिसते. रंग काढायची कृती चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने १४०० च्या सुमारास लिहून ठेवली आहे: पूड राळ आणि मेणाच्या गोळ्यात कालवायची, गोळा निदान तीन दिवस-रात्र मुरवायचा आणि मग क्षाराच्या पाण्यात काठ्यांनी मळत राहायचं. निळे कण पाण्यात उतरतात. पहिल्या पाण्याचा रंग सर्वांत गर्द. पुढचं प्रत्येक पाणी फिकं.

एवढ्या खटाटोपाचा रंग वापरायचा कुठे, हे गिऱ्हाईक ठरवत असे. फ्लॉरेन्सच्या अनाथालयाने १४८५ मध्ये चित्रकार गिर्लांदायोशी ‘मागींचे वंदन’ (बाळ येशूला ज्ञानी पुरुषांचं वंदन) या चित्राचा करार केला. निळा औंसाला चार फ्लोरिनच्या (फ्लॉरेन्सच्या सोन्याच्या नाण्यांच्या) आसपास भावाचा अल्ट्रामरीनच हवा, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. अख्ख्या चित्राचा मोबदला होता ११५ फ्लोरिन! माझ्या मते या रंगाचं पावित्र्य इथूनही आलं. सोनं वाहावं तसा तो मरियेला वाहिलेला असे.

बाकीच्या रंगांचे संकेत इतके पक्के नव्हते. पादुआच्या स्क्रोव्हेन्यी चॅपेलमध्ये चित्रकार जोत्तोने १३०५ च्या सुमारास येशूला मिठी मारणारा यहूदा, म्हणजे येशूला दगा देणारा शिष्य, रंगवला. त्याच्या पिवळ्या झग्यात येशू जवळजवळ झाकला गेला आहे. पिवळा हा विश्वासघाताचा रंग म्हणतात, पण यहूदा सगळीकडे पिवळ्यात नाही. ‘शेवटचं भोजन’ या चित्रात लिओनार्दोने त्याला निळं-हिरवं नेसवलं. जोत्तोचा निळा मात्र टिकला नाही. तो अझुराइट नावाच्या दुसऱ्या, स्वस्तातल्या निळ्या खनिजाचा, कोरड्या गिलाव्यावर लावलेला. त्यामुळे मरियेच्या शेल्याचा रंग कित्येक ठिकाणी उडून गेला आहे.

नियम कागदावर आले ते फार उशिरा. स्पेनचा चित्रकार पाचेको याच्या १६४९ मध्ये छापलेल्या ग्रंथात निष्कलंक मरियेसाठी (गर्भात आल्यापासूनच पापमुक्त मानलेल्या मरियेसाठी) पांढरा झगा आणि निळा शेला सांगितला आहे. स्पेनचाच चित्रकार मुरिल्यो याच्या चित्रांमुळे तेच रूप घरोघरी पोचलं.

१८२६ च्या सुमारास फ्रान्समध्ये गिमे या रसायनतज्ज्ञाने अल्ट्रामरीन कारखान्यात बनवायची रीत शोधली आणि भाव कोसळला. आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना द्यायला पुडीतून यायची ती नीळ बहुतेकदा हीच.