परळची सीट: लाल, मग भगवी, मग भगव्यातच दोन-तीन

२०२४ च्या विधानसभेला शिवडीत (लालबाग-परळ आता याच सीटमध्ये येतं) अजय चौधरी विरुद्ध बाळा नांदगावकर असा सामना झाला, दोघंही मूळचे शिवसेनेतच वाढलेले, त्यामुळे नवीन पोरांना वाटतं लालबाग-परळ म्हणजे पहिल्यापासून सेनेचंच. जुन्या लोकांना विचारलं तर ते पण "सत्तरला सेनेचे वामनराव महाडिक निवडून आले, तिथून परळ भगवं" एवढं सांगून मोकळे होतात. मला हे अर्धंच खरं वाटतं. सत्तरला सीट मिळाली हे बरोबर, पण ती टिकली नाही, आणि परळ खऱ्या अर्थाने सेनेचं व्हायला पुढची वीस वर्षं गेली. मधल्या वीस वर्षांचं कोणी बोलतच नाही म्हणून हे सगळं लिहितोय.

आधी थोडं मागे जाऊ. गिरण्या चालू होत्या तेव्हा या भागात शब्द चालायचा तो युनियनचा. कॉम्रेड डांगे १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत मध्य मुंबईतून प्रचंड मतांनी लोकसभेत गेले, १९६७ ला परत गेले. त्याच १९६७ च्या विधानसभेला परळमधून कम्युनिस्ट पक्षाचे कृष्णा देसाई आमदार झाले. देसाई आधी बरीच वर्षं नगरसेवक, लालबागच्या गल्लीबोळात ओळख, आणि अंगावर आलं तर शिंगावर घेणारा माणूस. सेना निघाली १९ जून १९६६ ला, म्हणजे तेव्हा जेमतेम वर्षाची होती, पण तिला पहिल्यापासून माहीत होतं की गिरणगावात शिरायचं तर लाल बावट्याशी, म्हणजे कम्युनिस्टांशी भिडावंच लागणार. डिसेंबर १९६७ मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या गिरणी कामगार युनियनच्या ऑफिसवर हल्ला झाला, १९६८ ला सेनेने स्वतःची भारतीय कामगार सेना काढली. रस्त्यावरच्या मारामाऱ्या तर चालूच होत्या.

आणि मग ५ जून १९७०. कृष्णा देसाईंचा लालबागमध्ये रात्री खून झाला. चालू आमदाराचा असा खून मुंबईने त्याआधी पाहिला नव्हता.

पोटनिवडणूक लागली ऑक्टोबरमध्ये. कम्युनिस्टांनी देसाईंच्या पत्नी सरोजिनी देसाईंना उभं केलं, डावे आणि इंदिरा काँग्रेसवाले त्यांच्या मागे. समोर सेनेचे वामनराव महाडिक. नवरा गेलेली बाई उभी आहे, वातावरण तापलेलं आहे, सहानुभूती मिळणार हे सगळे धरूनच चालले होते. निकाल लागला तर महाडिकांना ३१,५९२ आणि सरोजिनीबाईंना २९,९१३. फरक फक्त १,६७९ मतांचा. सेनेचा पहिला आमदार तो हा. आता माझा मुद्दा असा की हा आकडा नीट बघा ना राव, बालेकिल्ला असा पडतो का? निम्मं परळ त्या दिवशीसुद्धा लालच होतं.

पुढचं तर अजून मजेशीर आहे. १९७२ च्या विधानसभेला सेनेचा अख्ख्या राज्यात एकच आमदार आला, प्रमोद नवलकर, ते पण गिरगावातून, म्हणजे परळ दीड वर्षातच हातचं गेलं. जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक झाली, काँग्रेसचे रामराव आदिक, त्यांना सेनेचा पाठिंबा, आणि जिंकल्या कोण तर डांगेंच्या कन्या रोझा देशपांडे. १९७८ ला सेनेचा विधानसभेत भोपळा. १९८० ला तर उमेदवारच दिले नाहीत, काँग्रेसला पाठिंबा दिला आणि बदल्यात विधान परिषद घेतली. सत्तरपासून परळ भगवं म्हणणाऱ्यांनी ही दहा वर्षं कुठे ठेवली काय माहीत.

मग गिरणी संप. १८ जानेवारी १९८२, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर. कामगार नेते डॉक्टर दत्ता सामंतांचा संप कसा चिघळला ते घराघरात माहीत आहे, पगारवाढ-बोनससोबत मुख्य भांडण होतं राष्ट्रीय मिल मजदूर संघ या एकाच युनियनला असलेल्या सरकारी मान्यतेचं, सरकार हललं नाही, मालकांनाही घाई नव्हती, आणि संप अधिकृतपणे मागे असा कधी घेतलाच गेला नाही. पण मतदानाच्या हिशोबाने बघितलं तर डिसेंबर १९८४ ला, इंदिराजींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना, दक्षिण-मध्य मुंबईतून सामंत अपक्ष निवडून आले. म्हणजे कामगार हरला होता पण त्याचं मत अजून सेनेकडे गेलेलं नव्हतं. १९८५ ला विधानसभेत सेनेचा परत एकच आमदार, शेजारच्या माझगावचे छगन भुजबळ.

वळलं ते यानंतर. गिरणीच राहिली नाही तर युनियनचं ऑफिस कशाला चालेल, पोरगं कामाला लावायचं, पाण्याचं कनेक्शन, हॉस्पिटलमध्ये बेड, या सगळ्याला लोक सेनेच्या शाखेत जायला लागले. १९८५ ला महापालिका सेनेकडे आली त्याचाही फायदा झालाच. १९८९ ला सामंतांच्याच लोकसभा सीटवरून कोण निवडून आले, तर तेच वामनराव महाडिक. १९९० ला सेनेचे राज्यात ५२ आमदार, त्यात परळचे विठ्ठल चव्हाण होते. त्यांचाही १९९२ मध्ये खून झाला, या सीटच्या नशिबात ते होतंच बहुतेक. १९९५ ला सूर्यकांत देसाई, २००४ ला दगडू सकपाळ, सगळे सेनेचे. लोकसभेला मोहन रावले १९९१ पासून सलग पाच वेळा. बालेकिल्ला म्हणतात तो हा काळ.

२००८ च्या फेररचनेत परळ नावाची सीटच गेली. मुंबई शहराच्या १७ जागांच्या १० झाल्या, उपनगरच्या १७ च्या २६, कारण माणसं तिकडे गेली होती, गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर आले पण त्यात जुना कामगार कुठे राहणार. लालबाग-परळ-काळाचौकी शिवडीत टाकलं आणि लोकसभेला हा भाग दक्षिण मुंबईत, मलबार हिल आणि कुलाब्यासोबत! त्याआधी शिवडीचे आमदार राष्ट्रवादीचे सचिन अहिर होते, ते २००९ ला वरळीत गेले.

माझगावची सीट पण उडाली, तिथे १९९५ ला भुजबळांना पाडणारे बाळा नांदगावकर तोवर मनसेत होते. ते २००९ ला शिवडीत आले आणि दगडू सकपाळांना पाडलं. त्या वर्षी मनसेचे १३ आमदार आले त्यातलं हे सेनेला सगळ्यात जास्त लागलेलं असणार, दुसऱ्याने घेतलं असतं तर एकवेळ चाललं असतं. २०१४ ला अजय चौधरींनी सीट परत आणली, २०१९ ला पुन्हा जिंकले आणि दुसऱ्या नंबरला पुन्हा मनसेच. जून २०२२ ला सेनेत फूट पडली तेव्हा एकनाथ शिंदेंना काढून विधिमंडळातला गटनेता केलं ते याच चौधरींना.

२०२४ ला ठाकरेंच्या सेनेत तिकिटावरूनच धुसफूस, लालबागच्या राजाच्या मंडळाचे सुधीर साळवी इच्छुक, कार्यकर्ते जमलेले, शेवटी तिकीट चौधरींनाच. समोर नांदगावकर आणि त्यांच्या मागे महायुती. चौधरी सात हजारांच्या आसपास फरकाने आले. डावा उमेदवार लढतीत कुठेच नाही.

आता इथे मतं फिरतात ती घरावरून. काळाचौकीच्या अभ्युदयनगर वसाहतीचा पुनर्विकास, जुन्या चाळी, आणि शिवडीच्या ब्रिटिशांच्या काळातल्या बीडीडी चाळी, ज्या पोर्ट ट्रस्टच्या म्हणजे केंद्राच्या जमिनीवर असल्याने वरळी-नायगावचं काम सुरू झालं तरी मागेच राहिल्या. दारावर येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला तिथले लोक पहिलं तेच विचारतात, झेंडा कुठलाही असो.