तोच ससा पुन्हा वापरावा का?

सांडपाणी प्रक्रियेतून निघालेला गाळ, भट्टीची राख, रंगाच्या पिंपाचा खरवडलेला तळ. यातल्या कशाने कातडी नुसती लाल होईल आणि कशाने जळेल, हे पाहून कळत नाही. त्यासाठी गेली कित्येक दशकं सशाची पाठ वापरली जाते. ही पद्धत १९४४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या जॉन ड्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली.

चाचणीच्या आदल्या दिवशी पांढऱ्या सशाच्या पाठीवरचे केस कापतात. अर्धा ग्रॅम नमुना किंचित ओला करून सुमारे सहा चौरस सेंटिमीटर कातडीवर ठेवायचा, वर गॉजची पट्टी. चार तासांनी पट्टी काढून जागा धुतात. मग १, २४, ४८ आणि ७२ तासांनी लालसरपणा व सूज पाहून शून्य ते चार गुण देतात. पांढऱ्या जातीचा ससा घ्यायचा तो एवढ्याचसाठी, लाली चटकन दिसते.

समजा सगळे गुण शून्य आले. ससा ठणठणीत आहे. आता त्याचं काय करायचं?

शुद्ध रसायन एकदा तपासलं की ती माहिती वर्षानुवर्षं चालते. कचऱ्याचं तसं नाही. कच्चा माल बदलला की गाळही बदलतो. दर नमुन्याला नवे ससे आणायचे तर संख्या वाढतच जाणार, म्हणून तोच ससा पुन्हा वापरण्याचा विचार पुढे येतो. हिशेब सरळ वाटतो, पण तो कातडीला विचारून केलेला नाही.

क्रोमियम आणि निकेल हे धातू विद्युतलेपनाच्या (विजेने धातूचा मुलामा देण्याच्या) गाळात अनेकदा सापडतात, आणि दोन्ही ॲलर्जी आणणारे आहेत. पहिल्या स्पर्शाला कातडी गप्प राहू शकते. तेवढ्यात रोगप्रतिकारक पेशी त्या पदार्थाची ओळख पटवून ठेवतात. काही आठवड्यांनी तोच धातू पुन्हा लागला की जागा लाल होते. निरीक्षक लिहितो 'दाहक', प्रत्यक्षात ती असते ॲलर्जी. पाठीवरची जागा बदलूनही उपयोग नाही, कारण या पेशी अंगभर फिरतात. म्हणजे वाचवलेल्या सशाच्या बदल्यात निष्कर्षच संशयास्पद होतो.

दुसरी बाजू सशाची. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी प्राणी कमी वापरा आणि त्यांचा त्रासही कमी करा, असं सांगितलं. पुनर्वापरात ही दोन तत्त्वं एकमेकांच्या आड येतात: ससे कमी लागतात, पण एकेकाच्या वाट्याला जास्त येतं. युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशानुसार आधीचा त्रास सौम्य किंवा मध्यम असेल, प्राणी पूर्ण बरा झाला असेल आणि पशुवैद्याचा सल्ला अनुकूल असेल, तरच पुनर्वापराला वाव मिळतो. मला हे योग्य वाटतं. पण कचऱ्यासाठी मी आणखी एक अट घालीन. दोन्ही नमुन्यांत कोणते धातू आहेत हे आधी माहीत हवं.

खरं तर बऱ्याचदा सशापर्यंत जायचंच कारण नसतं. नमुन्याचा सामू (आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा, pH) २ किंवा त्याहून कमी, अथवा ११.५ किंवा त्याहून जास्त असेल, तर तो दाहकच काय, कातडी जाळणारा असू शकतो; तो प्राण्यावर लावून पाहायचा नसतो. उरलेल्यांसाठी प्रयोगशाळेत वाढवलेली मानवी त्वचा आहे. नमुना लावल्यावर तिच्यातल्या निम्म्या किंवा त्याहून कमी पेशी जिवंत राहिल्या, तर पदार्थ दाहक धरतात. जिवंत पेशी पिवळ्या रंगद्रव्याला जांभळं करतात, त्यावरून हे मोजतात. अडचण येते ती काळ्याकुट्ट गाळाची: तो स्वतःच त्वचेला रंगवून जातो. मग त्वचेच्या आणखी एका तुकड्यावर तोच गाळ लावून, पण पिवळं रंगद्रव्य न घालता, मिळालेला रंग वजा करावा लागतो. काम वाढतं, खर्चही. पण गाळाने आधी काय केलं होतं ते या तुकड्याला आठवत नसतं.