खानदेश भिल्ल पलटण

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने १८२५ मध्ये धरणगाव (आजचा जळगाव जिल्हा) येथे उभारलेले हलके पायदळ. जुन्या कागदांत 'भिल्ल कोर' असेही नाव येते. हे दल एका पूर्ण पलटणीएवढेही नव्हते. त्याचे महत्त्व संख्येत नव्हते, कामात होते. गावचे जागले आणि ठाण्याचे शिपाई जिथे अपुरे पडतात आणि नियमित फौज बोलावणे महागात जाते, तिथे वापरायचे हे राखीव दल होते.

पार्श्वभूमी. खानदेशाच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मधून तापी, गिरणा, पांझरा वाहतात. घाट राखण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या भिल्ल नाईकांकडे होते आणि त्याबद्दल त्यांना ठरलेले हक्क मिळत. होळकर-शिंद्यांच्या लढाया, पेंढारी आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांत ही घडी मोडली. हक्क बुडाले, तेव्हा ज्यांनी वाट राखायची तेच वाट अडवू लागले. १८१८ मध्ये मुलूख इंग्रजांकडे आला. पहिले अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी डोंगरपायथ्याची नाकेबंदी करून पाहिली, शरण येणाऱ्या नाईकांना नेमणुकाही दिल्या. टोळ्या तेवढ्यापुरत्या थंडावत आणि पुन्हा उठत. सरकारी अहवालांत याला सरसकट 'लुटारूपणा' म्हटले आहे. त्या शब्दाने बुडालेल्या हक्कांचा मूळ प्रश्न झाकला जातो, म्हणून तो जपून वाचावा.

नियमित फौजेला मुख्यतः हिवतापाने हरवले. पावसाळा सरल्यावर सातपुड्याच्या पायथ्याचे रान कापणीपर्यंत तापाने भरलेले असे. त्याच दिवसांत तुकडी आत घातली, तर लढाईआधीच निम्मे शिपाई डोलीत पडत. उन्हाळ्यात ताप कमी, पण तेव्हा पाणी नाही. पाणवठे कुठे टिकतात हे स्थानिक माणसालाच ठाऊक.

उभारणी. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या काळात १८२५ मध्ये खानदेशात तीन भिल्ल एजन्सी, म्हणजे भिल्लांचा कारभार पाहणारी तीन सरकारी कार्यालये, नेमल्या गेल्या. दक्षिणेची कन्नडला होती. तिथे भिल्ल कुटुंबांना जमीन, बैल आणि बियाणे यांसाठी तगाई (सरकारी कर्ज) देऊन वसवायचे होते. दुसरी वायव्येला, नंदुरबार-सुलतानपूरच्या बाजूची. तिसरी ईशान्येला, धरणगावची. तिच्याकडे पलटण उभी करण्याचे काम आले. ते २३ व्या मुंबई पलटणीतील लेफ्टनंट जेम्स औट्रम यांच्यावर सोपवले. त्यांचे वय तेव्हा २२.

औट्रमने आधी सातपुड्यातील टोळ्यांवर छापे घातले आणि मग त्यांच्याच नाईकांत एकटे जाऊन राहणे सुरू केले. शिकार बरोबर, बैठक बरोबर, पहारा मात्र नाही. एवढे करूनही पहिल्याने नाव घालायला पाचच जण तयार झाले. माणसे आली नाहीत ती शौर्य कमी म्हणून नव्हे. आजवर दिलेली वचने मोडली होती आणि पगार खरोखर हातात पडेल यावर कोणाचा भरवसा नव्हता. पहिल्या पाचांचे बरे चाललेले दिसले तसे नातलग आले, मग पाड्यांतून गट आले आणि काही वर्षांत संख्या शेकड्यांत गेली.

रचना व हत्यारे. कंपनीच्या फौजेतली सुभेदार, जमादार, हवालदार, नाईक, शिपाई अशी हुद्द्यांची चढण होती आणि वर मोजके गोरे अधिकारी. कागद वाचताना एक घोटाळा हमखास होतो. 'नाईक' हा डोंगरातल्या टोळीचा म्होरक्याही आणि हवालदाराखालचा फौजी हुद्दाही. कोणता नाईक, हे वाक्यावरून ठरवावे लागते.

त्या काळचे पायदळाचे हत्यार ठासणीची, चकमकीची बंदूक. काडतुसाचा कागद दाताने फाडायचा, चिमूटभर दारू बंदुकीच्या कानात, म्हणजे ठिणगी पडते त्या खोबणीत, रंजक (आधी पेट घेणारी दारू) म्हणून घालायची, उरलेली नळीत ओतून वर गोळी सोडायची आणि गजाने ठासायचे. सरावलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. शंभर पावलांपलीकडे नेमाचा भरवसा नसे. पावसात रंजक दमट झाली की ठिणगी पडते, बार होत नाही. याउलट तीरकामठ्याची दोरी बांबूच्या चोयीची. तिला ओल फारशी बाधत नाही, आवाज होत नाही, आणि एका बाराच्या वेळात दोन-तीन तीर सहज सुटतात. दाट रानात ओळीने उभे राहून बार काढण्याची कवायत म्हणूनच अपुरी पडे. हलक्या पायदळासारखी विखुरलेली चाल तिथे जास्त कामाची.

काम. पलटण जमली तशी तिने नियमित फौजेकडून बाहेरची ठाणी आणि पहारे घेतले. १८३० मध्ये औट्रमने डांगावर मोहीम नेली. १८३५ मध्ये तो गुजरातेतील महीकांठ्याला बदलून गेला. १८५२ मध्ये जमीन मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल भागांत रयत उठली.

खरी कसोटी १८५७ ची. सेंधवा घाटाच्या राखणीवर इंग्रजांच्याच नोकरीत राहिलेला खाज्या नाईक उठला, भीमा नाईक त्याला मिळाला आणि ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणीची लढाई झाली. पलटण सरकारच्या बाजूनेच राहिली. एकाच समाजातील माणसे अशी दोन्ही बाजूंना उभी राहिली. औट्रमच्या कौतुकात लिहिलेल्या इंग्रजी वर्णनांत हा भाग दोन ओळींत उरकतो. खानदेशात मात्र लोकांच्या आठवणीत पलटणीपेक्षा खाज्या-भीमाच राहिले.

पुढे. याच धर्तीवर इतरत्रही दले निघाली. त्यांतले मेवाड भिल्ल कोर १८४१ मध्ये खेरवाड्याला उभे राहिले. खानदेशातील पलटण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे जिल्हा पोलिसांत सामावली गेली. चाळीसगाव-कन्नड रस्त्यावरच्या घाटाला आजही औट्रम घाट म्हणतात. धुळ्यातील राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ६ वेगळ्या परंपरेतला आहे. त्या दलाचा कायदा १९५१ चा, आणि भिल्ल पलटणीशी त्याचा धागा जोडणे चुकीचे ठरेल.