पेज कॅशे की मेमरी लीक? कंटेनर चालवणाऱ्या सर्व्हरची मेमरी नेमकी कशाने भरते

कंटेनर, म्हणजे एकाच यंत्रावर एकमेकांपासून वेगळे ठेवलेले प्रोग्रॅम, चालवणाऱ्या सर्व्हरवर मेमरीच्या वापराचा आलेख रोज थोडा थोडा चढत ९५ टक्क्यांपर्यंत पोहोचला, की पहिला संशय मेमरी लीकवर घेतला जातो आणि कोणता तरी कंटेनर रीस्टार्ट केला जातो. लिनक्सच्या पेज कॅशेमुळेही हाच आलेख अगदी असाच दिसतो, आणि कॅशेने मेमरी भरलेली असणे ही निकोप सर्व्हरची नेहमीची अवस्था आहे. म्हणून मेमरी किती भरली यापेक्षा, भरलेली मेमरी गरज पडताच कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) परत घेता येते का, हे आधी तपासले पाहिजे.

डिस्कवरची फाइल वाचली किंवा लिहिली, की कर्नल तिची पाने रिकाम्या मेमरीत ठेवून देतो आणि पुढच्या वेळी डिस्कपर्यंत जाणे टाळतो; हाच पेज कॅशे. या पानांची मूळ प्रत डिस्कवर असल्यामुळे मेमरीची चणचण भासताच ती टाकून देता येतात. बदललेली पण अजून डिस्कवर न उतरलेली पाने तेवढी आधी लिहावी लागतात. प्रोग्रॅमने स्वतःच्या कामासाठी मागून घेतलेल्या ॲनॉनिमस मेमरीमागे मात्र कोणतीही फाइल नसते. ती एक तर स्वॅपमध्ये, म्हणजे मेमरीला पूरक म्हणून राखलेल्या डिस्कवरच्या जागेत, हलवावी लागते, नाही तर प्रोसेसने सोडण्याची किंवा प्रोसेस संपण्याची वाट पाहावी लागते. उपयोग संपला तरी प्रोग्रॅम मेमरी सोडत नाही, तेव्हा त्याला लीक म्हणतात, आणि ही गळती जवळजवळ नेहमी या दुसऱ्या प्रकारातच साचते.

संपूर्ण सर्व्हरपुरता निवाडा तुलनेने सोपा आहे. ‘फ्री’ कमांडच्या उत्तरात त्याच नावाचा रकाना शून्याकडे झुकलेला दिसला तरी घाबरण्याचे कारण नाही. पाहायचा तो ‘अव्हेलेबल’ हा रकाना. स्वॅप न करता नव्या प्रोग्रॅमला किती मेमरी देता येईल, याचा हा अंदाज लिनक्स ३.१४ पासून, म्हणजे २०१४ पासून, कर्नल स्वतःच देतो. तो आकडा स्थिर असेल तर मेमरी कॅशेने भरली आहे; तो दिवसेंदिवस घटत असेल तर कोणीतरी मेमरी अडवून ठेवली आहे.

खरा गोंधळ कंटेनरच्या आत होतो. डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनाच्या कंटेनरमध्ये शिरून ‘फ्री’ चालवले, तर साधारणपणे संपूर्ण होस्टचे, म्हणजे कंटेनर ज्यावर चालतात त्या सर्व्हरचे, आकडे दिसतात. एलएक्ससी या दुसऱ्या कंटेनर साधनामध्ये ‘एलएक्ससीएफएस’ (कंटेनरला त्याचेच आकडे दाखवणारी फाइलप्रणाली) जोडलेले असेल तरच ते त्या कंटेनरपुरते असतात. त्यामुळे थेट सीग्रुपच्या, म्हणजे प्रोसेसच्या गटाचा वापर मोजणाऱ्या आणि त्यावर मर्यादा घालणाऱ्या कर्नलच्या सोयीच्या, हिशेबाकडे जावे. सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘मेमरी डॉट करंट’ ही फाइल एकूण वापर सांगते, पण त्या बेरजेत कॅशेही धरलेला असतो, आणि तो त्या पानाला प्रथम हात लावणाऱ्या कंटेनरच्या नावावर पडतो. समजा, बॅकअप घेणाऱ्या एका कंटेनरला २ जीबीची मर्यादा आहे आणि ‘करंट’चा आकडा सतत त्या मर्यादेला टेकलेला आहे. ‘मेमरी डॉट स्टॅट’ उघडल्यावर ‘ॲनॉन’ (ॲनॉनिमस मेमरी) २०० एमबी आणि ‘फाइल’ (कॅशे) सुमारे १.७ जीबी दिसले, तर हा कंटेनर फक्त भरपूर फाइली वाचतो आहे. मर्यादा गाठली की कर्नल आधी हीच पाने परत घेतो. काहीच परत मिळेनासे झाले, तरच प्रोसेस मारण्याची वेळ येते. याच्या उलट ‘ॲनॉन’ १.८ जीबी असेल आणि कामाचा भार ओसरल्यावरही खाली येत नसेल, तर लीकचा संशय रास्त आहे.

डॉकरची ‘स्टॅट्स’ कमांड आणि अनेक सर्व्हरवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या क्युबरनेटिसचा ‘वर्किंग सेट’ हे दोन्ही एकूण वापरातून ‘इनॲक्टिव्ह फाइल’ (अलीकडे न वापरलेली कॅशेची पाने) वजा करून आकडा दाखवतात. वारंवार वाचली जाणारी ‘ॲक्टिव्ह फाइल’ मात्र त्यात तशीच राहते. म्हणून वर्किंग सेट वाढतो आहे एवढ्यावरून लीकचा निष्कर्ष काढू नये. हा आकडा कॅशेपासून पूर्णपणे मोकळा आहे असे अनेक जण गृहीत धरतात, ते बरोबर नाही.

नावाने एक आणि गुणाने दुसरे असे दोन प्रकार मला सर्वांत फसवे वाटतात. पहिला ‘टीएमपीएफएस’, म्हणजे मेमरीतच राहणारी फाइलप्रणाली: ‘डेव्ह-एसएचएम’मध्ये किंवा मेमरीवर ठेवलेल्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये लिहिलेल्या फाइली ‘फ्री’च्या कॅशेच्या रकान्यात आणि सीग्रुपच्या ‘फाइल’मध्ये मोजल्या जातात, पण त्यांच्यामागे डिस्कवरची प्रत नसल्यामुळे स्वॅप नसेल तर त्या परत घेता येत नाहीत. ‘मेमरी डॉट स्टॅट’मधली अशी मेमरी मोजणारी ‘एसएचमेम’ची ओळ म्हणूनच वेगळी वाचावी. दुसरा झेडएफएस या फाइलप्रणालीचा स्वतःचा कॅशे, एआरसी: तो कॅशेच आहे आणि दाब आल्यावर आकसतो, तरी ‘फ्री’ त्याला ‘यूज्ड’मध्ये दाखवते. झेडएफएसवर कंटेनर ठेवणाऱ्या होस्टवर सगळ्या कंटेनरची बेरीज आणि होस्टचा वापर जुळत नसेल, तर आधी ‘एआरसी समरी’ पाहावी आणि गरज वाटल्यास ‘झेडएफएस एआरसी मॅक्स’ने कमाल मर्यादा घालावी.

‘ॲनॉन’ वाढत असले तरी ते दरवेळी लीकच असते असेही नाही. जावाच्या ८यू१९१ पूर्वीच्या आवृत्त्या कंटेनरची मर्यादा न पाहता होस्टच्या मेमरीवरून हीपचा (प्रोग्रॅमच्या डेटासाठीच्या मेमरीचा) आकार ठरवत, आणि ग्लिबसी ही लिनक्सवरची मूलभूत सी लायब्ररी ६४ बिट यंत्रणेवर प्रत्येक कोअरमागे ८ पर्यंत अरीना (मेमरी वाटपाचे वेगळे साठे) उघडू शकते, त्यामुळे पुष्कळ कोअर असलेल्या होस्टवरचा छोटा कंटेनरही फुगतो. असा वापर काही काळाने एका पातळीवर थांबतो. लीकमध्ये मात्र प्रत्येक चढउतारानंतरचा तळ आधीच्या तळापेक्षा वर राहतो, आणि रीस्टार्टनंतर तेवढ्याच भाराखाली चढण पुन्हा तशीच सुरू होते.

खात्रीसाठी आधी ‘सिंक’ करून, म्हणजे बदललेली पाने डिस्कवर उतरवून, कॅशे रिकामा करणाऱ्या ‘ड्रॉप कॅशेस’ या कर्नलच्या फाइलीत १ लिहिता येतो: वापर कोसळला तर तो कॅशे होता. पण याचा फटका होस्टवरच्या सगळ्याच कंटेनरना बसतो आणि डिस्कवर एकदम भार येतो, म्हणून हा उपाय वेळापत्रकात टाकून रोज चालवणे चुकीचे आहे. लिनक्स ५.१९ पासून ‘मेमरी डॉट रीक्लेम’ या फाइलीद्वारे एकाच सीग्रुपची मेमरी परत मागता येते, तो मार्ग अधिक सौम्य आहे. स्वॅप चालू असल्यास ॲनॉनिमस पानेही हलू शकतात, एवढे ध्यानात ठेवून निकाल वाचावा.

कंटेनर १३७ या कोडने बंद पडला, तर त्याचा अर्थ इतकाच की प्रोसेसला सिग्नल ९, म्हणजे सक्तीने संपवण्याचा आदेश, मिळाला. डॉकरने थांबवताना दिलेली मुदत संपल्यावरही हाच कोड येतो. म्हणून ‘मेमरी डॉट इव्हेंट्स’मधला ‘ओओएम किल’चा (मेमरी संपल्याने मारलेल्या प्रोसेसचा) आकडा वाढला का, हे पडताळावे आणि मग ‘डीमेसेज’ या कर्नलच्या नोंदवहीतली नोंद वाचावी. तिची सुरुवात ‘मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी’ अशी असेल तर सीग्रुपची मर्यादा संपली होती. नुसते ‘आउट ऑफ मेमरी’ असेल तर बहुधा संपूर्ण होस्टचीच मेमरी संपली होती, आणि मारला गेलेला प्रोसेस हा दोषी असेलच असे नाही. त्याच ओळीत ‘ॲनॉन-आरएसएस’, ‘फाइल-आरएसएस’ आणि ‘एसएचमेम-आरएसएस’ असे तीन आकडे (आरएसएस म्हणजे प्रोसेसची प्रत्यक्ष मेमरीत असलेली पाने) वेगवेगळे दिलेले असतात, आणि त्या प्रोसेसची मेमरी कोणत्या प्रकारात साचली होती हे त्यांवरून कळते.