२२ हॉर्नेट ते ६ पीपीसी: बारीक काडतुसांमागची पार्श्वभूमी

पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंच जाडीची गोळी, म्हटलं की आपल्या लोकांना आधी आठवतो कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधलं थ्री पोझिशनचं ब्राँझ, आणि ते अगदी बरोबर आहे. पण त्याचं काडतूस रिमफायर, म्हणजे पिन केसच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) कडेवर आपटते, त्यासाठी कडेचं पितळ पातळ ठेवावं लागतं आणि मग आत फार प्रेशर चालत नाही. इथे जे सांगतोय ते जवळपास त्याच जाडीच्या गोळीबद्दल, पण सेंटरफायर काडतुसांचं, ज्यात पिन बुडाच्या मधोमध आपटते. पेनसिल्व्हेनियात राहायला आल्यावर पहिल्यांदा बंदुकांच्या दुकानात गेलो तेव्हा डब्यांवरचे आकडे बघूनच गोंधळलो होतो, २२०, २२२, २२३, २२-२५०, आणि गोळी सगळ्यांची ५.७ मिलिमीटरचीच! आकड्यांवरून काही म्हणजे काही कळत नाही. कुठलं काडतूस कुठल्या अडचणीतून निघालं हे कळलं की मग निवड सोपी होते, म्हणून हा सगळा इतिहास.

ही काडतुसं मुळात निघाली ती व्हार्मिंट मारायला. व्हार्मिंट म्हणजे शेतीची नासधूस करणारे प्राणी. अमेरिकेच्या पूर्वेला वुडचक, पश्चिमेच्या माळावर प्रेरी डॉग. वुडचक दिसायला आपल्या मोठ्या घुशीसारखा, कूळ मात्र खारीचं, गवताच्या कुरणात अशी बिळं करतो की गाईचा पाय आत गेला तर मोडलाच. बिळाच्या तोंडाशी उभा राहतो तेव्हा दोनशे यार्डांवरून दिसतं किती, तर डोकं आणि खांदे, साधारण पाण्याच्या तांब्याएवढं. हरणाची रायफल इथे कामाची नाही, धक्का जास्त, आवाज जास्त, आणि जड गोळी जमिनीवर आपटून उसळून कुठेही जाऊ शकते, आजूबाजूला वस्ती असते हो. म्हणून हवी हलकी, खूप वेगाची, लागताक्षणी फुटून जाणारी गोळी, आणि तिचा नेम टार्गेट रायफलीच्या तोडीचा.

१९२० च्या दशकात स्प्रिंगफील्ड आर्मरी या अमेरिकी आर्मीच्या रायफल कारखान्याच्या आसपासच्या हौशी मंडळींनी, त्यात आर्मी अधिकारी आणि बंदुकांवर लिहिणारे टाउनसेंड व्हेलन होते, १८८५ चं काळ्या बारुदाचं २२ विंचेस्टर सेंटरफायर काडतूस घेतलं आणि त्यात नवीन स्मोकलेस पावडर भरून बघितली. तेच २२ हॉर्नेट. विंचेस्टर या बंदूक कंपनीने १९३० मध्ये काडतुसं विकायला काढली तेव्हा ती मारायला कारखान्याची रायफलच नव्हती, लोक आर्मीच्या सरावाच्या पॉइंट टू टू रायफली बदलून घेत होते, इतकी ओढ होती. हॉर्नेटची केस हातात घेऊन बघा, निमुळती, पातळ, खांदा (तोंडाकडे अरुंद होतानाचा उतार) जेमतेम. आवाज कमी, नळीचं आयुष्य भरपूर, पण दीडशे-पावणेदोनशे यार्डांपुढे गोळी झपाट्याने खाली येते आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला की बार वाया.

मग लोकांना हवा झाला वेग. १९३५ मध्ये विंचेस्टरने २२० स्विफ्ट काढलं, ४८ ग्रेनची म्हणजे जेमतेम ३ ग्रॅमची गोळी सेकंदाला ४,११० फूट. चार हजाराचा टप्पा ओलांडणारं कारखान्यातून निघालेलं हे पहिलं काडतूस. तीनशे यार्डांपर्यंत गोळी जवळजवळ सरळ रेषेत. पण एवढी पावडर एवढ्या बारीक भोकातून जाळली की नळीच्या सुरुवातीचं स्टील झिजतं, आणि बॅरल खाणारं काडतूस अशी स्विफ्टची जी ख्याती झाली ती आजतागायत चिकटलेली आहे. माझं मत विचाराल तर दोष काडतुसापेक्षा तेव्हाच्या स्टीलचा आणि नळी गार होऊ न देता बारावर बार काढणाऱ्यांचा जास्त होता.

त्याच सुमारास घरगुती प्रयोग करणाऱ्यांनी २५० सॅव्हेज या जुन्या काडतुसाची केस तोंडाशी आवळून २२-२५० बनवलं, स्विफ्टच्या जवळ जाणारा वेग आणि सांभाळायला सोपं. तीसेक वर्षं ते असंच गनस्मिथांच्या, म्हणजे बंदुकांच्या कारागिरांच्या, हातून चालत राहिलं आणि १९६५ मध्ये रेमिंग्टन या विंचेस्टरच्या प्रतिस्पर्धी कंपनीने त्याला कारखान्यात घेतलं. विंचेस्टरने १९६४ मध्ये स्विफ्टच्या जागी आणलेलं २२५ त्याच्यापुढे टिकलंच नाही.

पण या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आदर आहे तो २२२ रेमिंग्टनबद्दल. १९५० साल, रेमिंग्टनचे इंजिनिअर माइक वॉकर. ते स्वतः बेंचरेस्टवाले, म्हणजे टेबलावर सँडबॅगवर रायफल ठेवून कागदावर एकाच भोकात गोळ्या घालायच्या, त्या खेळातले. त्यांनी जुनी कुठलीच केस कापली-आवळली नाही, कोऱ्या कागदावरून नवीन काढली. हॉर्नेट आणि स्विफ्टच्या मधली, स्विफ्टच्या साधारण निम्मी पावडर, ५० ग्रेनची गोळी ३,२०० फुटांच्या आसपास. धक्का इतका कमी की स्कोपमधून स्वतःची गोळी लागलेली दिसते! पुढची पंचवीस वर्षं बेंचरेस्टच्या मॅचेसवर याच काडतुसाचं राज्य होतं.

पुढे आर्मीला हलक्या रायफलीसाठी पाचशे यार्डांवर हेल्मेट भेदणारी गोळी हवी होती, २२२ तेवढ्याला पुरेना, म्हणून केस थोडी लांब केली आणि त्यातून २२३ रेमिंग्टन झालं, १९६४ मध्ये बाजारात आलं. त्याचंच आर्मीतलं भावंड ५.५६. आर्मीचं काडतूस म्हटल्यावर केसेस स्वस्त आणि जिथे तिथे मिळणाऱ्या, आणि लोक हळूहळू २२२ सोडून २२३ कडे गेले.

मॅचेसमध्ये मात्र २२२ ला हटवलं ते ६ पीपीसीने, १९७५ मध्ये. डॉक्टर लू पाल्मिसानो आणि टूलमेकर फेरिस पिंडेल या दोघांनी २२० रशियन केस घेतली, जी मुळात एके-४७ च्या ७.६२×३९ वरून आलेली, आणि ती बुटकी-जाड केली. पावडरचा ढीग आखूड आणि रुंद असला की ती दर बाराला जास्त एकसारखी जळते हा त्यामागचा विचार. तेव्हापासून कमी अंतराच्या बेंचरेस्टमध्ये हेच.

आता नवीन माणसाने काय घ्यावं? दोनशे यार्डांच्या कुरणात, जवळपास घरं असतील तर हॉर्नेट किंवा २२३. वाऱ्याच्या उघड्या माळावर तीनशे-चारशे यार्ड असतील तर २२-२५०. फक्त कागदावर ग्रुप, म्हणजे एकाच जागी गोळ्यांचा झुबका, मारायचे असतील आणि केसेस स्वतः भरायची तयारी असेल तर पीपीसी. आणि काडतूस ठरलं तरी ट्विस्ट, म्हणजे नळीतल्या खाचा किती इंचात एक फेरा घेतात, ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. १९५५ मध्ये विंचेस्टरने २४३ हे ६ मिलिमीटर गोळीचं काडतूस आणलं दहा इंची ट्विस्टवर, रेमिंग्टनने त्याच जाडीच्या गोळीचं २४४ आणलं बारा इंचीवर, व्हार्मिंटच्या हलक्या गोळ्या डोळ्यांसमोर ठेवून. लोकांना त्याच रायफलीने हरीणही मारायचं होतं, १०० ग्रेनची लांब गोळी बारा इंचीत नीट स्थिर होईल याची खात्री वाटेना, आणि इतकं चांगलं २४४ मागे पडलं. १९६३ मध्ये रेमिंग्टनने तेच काडतूस ६ एमएम रेमिंग्टन या नावाने परत आणलं, या वेळी नऊ इंची ट्विस्ट देऊन, पण तोवर २४३ घरोघरी पोचलं होतं.