दहा मिलिग्रॅमचा कायदा

ऋषिपंचमीला आपल्याकडे बैलाच्या कष्टाचं धान्य चालत नाही, म्हणून नांगर न लागलेला देवभात शोधला जातो. साधारण त्याच दिवसांत, ऑगस्ट सरता सरता, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ओजिब्वे आदिवासी होड्या घेऊन तळ्यांत उतरतात. एकजण उभ्याने लांब काठीने होडी रेटतो. दुसरा बसल्या बसल्या एका दांडक्याने पाण्यात आपोआप उगवलेल्या रानभाताच्या ओंब्या होडीवर वाकवतो आणि दुसऱ्या दांडक्याने हलकेच झोडतो. पिकले दाणे होडीत पडतात, काही पाण्यात सांडतात. पुढच्या सालचं बी तेच. दांडकं ३० इंचांहून लांब आणि एका पौंडाहून जड नको, इतकं बारीक राज्याच्या नियमातच लिहून ठेवलंय.

या धान्याला ते मानूमिन म्हणतात. त्याचं शास्त्रीय नाव झिझेनिया. आपल्या भाताचं ते दूरचं भाऊबंद. ‘पाण्यावर अन्न उगवतं तिथे थांबा,’ असं पूर्वेकडून निघालेल्या पूर्वजांना सांगितलं गेलं होतं, अशी ओजिब्वेंची परंपरा आहे. १८३७ च्या तहात त्यांची जमीन गेली, पण शिकार, मासेमारी आणि हा भात गोळा करण्याची मुभा त्यांनी कागदावर राखली. तरी १९९९ मध्ये तो हक्क शाबूत आहे हे सर्वोच्च न्यायालयाला पाच विरुद्ध चार मतांनी सांगावं लागलं.

पण तळ्यात भातच उरला नाही, तर हक्क घेऊन करायचं काय?

१९४० च्या दशकात जॉन मॉयल या सरकारी जीवशास्त्रज्ञाने राज्यभरची तळी तपासली. लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सल्फेट (गंधकाचा क्षार) असलेल्या पाण्यात भाताची मोठी बनं त्याला दिसली नाहीत. त्याच निरीक्षणावरून १९७३ मध्ये मिनेसोटाने १० मिलिग्रॅमची मर्यादा नियमात घातली, आणि पुढची कित्येक वर्षं तिच्याकडे जवळजवळ कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. उत्तरेतल्या लोहखाणींचं सल्फेट ओढ्यांत येत राहिलं.

मुळात सल्फेट विषारी नाही. तळाच्या चिखलात, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले जिवाणू त्याचं सल्फाइड करतात आणि ते मुळांना मारतं. चिखलात लोह भरपूर असेल तर ते सल्फाइडला बांधून ठेवतं, म्हणजे तळ्यागणिक हिशेब बदलतो. उद्योगांनी नेमकं हेच धरलं: सगळ्या तळ्यांना एकच आकडा कसा? प्रश्न खोटा नव्हता, पण त्याच्या आडून वेळकाढूपणाही पुष्कळ झाला.

२०११ मध्ये विधिमंडळाने नव्या अभ्यासासाठी पैसे दिले. २०१५ मध्ये मात्र, नवा निकष ठरेपर्यंत सल्फेट काढण्याचा खर्च कुणावर लादू नये, असा कायदा केला. म्हणजे मर्यादा पुस्तकात, अंमलबजावणी टांगणीला. तळ्यागणिक आकडा काढण्याचं राज्याचं सूत्र २०१८ च्या सुरुवातीला प्रशासकीय न्यायाधीशाने फेटाळलं. मग जुनी मर्यादाच रद्द करायचं विधेयक आलं. गव्हर्नर मार्क डेटन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. २०२१ मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्थेने तीसच्या आसपास भाताची तळी आणि प्रवाह प्रदूषित पाण्याच्या यादीत घातले. राज्याने ते स्वतःहून केलं नव्हतं.

जमातींनी दरम्यान आपली वाट काढली होती. व्हाइट अर्थ जमातीने २०१८ मध्ये मानूमिनलाच कायद्याने हक्क दिले आणि २०२१ मध्ये तेलवाहिनीच्या कामासाठी होणाऱ्या पाणीउपशाविरुद्ध आपल्याच न्यायालयात भाताच्या नावाने दावा लावला. राखीव क्षेत्राबाहेरच्या कामावर आपला अधिकार चालत नाही, म्हणून जमातीच्याच अपील न्यायालयाने तो २०२२ मध्ये काढून टाकला. फॉन्ड डू लॅक जमातीचा मार्ग कमी गाजला, पण अधिक चालला. केंद्रीय जलकायद्याने पात्र जमातींना राज्याप्रमाणे पाण्याचे निकष ठरवता येतात. या जमातीने भातासाठी तोच १० चा आकडा घेतला. नदीच्या वरच्या अंगाला तांब्याची खाण येऊ घातली, तेव्हा आपले निकष पाळले जाणार नाहीत, अशी हरकत जमातीने घेतली. त्यात पाऱ्याचा मुद्दाही होता. जून २०२३ मध्ये लष्करी अभियंता विभागाने खाणीचा पाणथळ जागांचा परवाना रद्द केला.